पोहता येत नाही, तरी ग्रँड आयलंडला स्कूबा डायव्हिंग करावं का? की थेट कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर जावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात चार दिवस गोव्यात आहात, पोहता येत नाही, आणि मैत्रीण म्हणाली की ग्रँड आयलंडला पाण्याखाली काही दिसतच नाही, पैसे वाया गेले. माझं उत्तर: जा, पण तारीख पॅकेजच्या सवलतीवरून ठरवू नका. घरातलं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा.

मी वास्कोत राहतो, आणि सुट्टीच्या दिवशी याच पाण्यात उतरतो. मैत्रीण खोटं बोलत नाहीये. मुरगावच्या टोकापलीकडे हे बेट आहे, आणि मांडवी, जुवारी या दोन्ही नद्या गाळ घेऊन याच समुद्रात येतात. अंदमानसारखी निळाई इथे मिळणार नाही. वाईट दिवशी स्वतःच्या हाताची बोटंही धूसर दिसतात, चांगल्या दिवशी सात-आठ मीटरपर्यंत नजर जाते. या दोन दिवसांतला फरक बहुतेक वेळा भरती-ओहोटीचा असतो.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ वाढते आणि तळाचा गाळ उठतो. अष्टमीनंतर भांग लागतो. भांगाच्या दिवसांत भरतीही कमी, ओहोटीही कमी, ओढ मंदावते आणि गाळ खाली बसतो. आमच्याकडचे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे मच्छीमार, हे पिढ्यानपिढ्या जाणतात, पण बोटीची तिकिटं विकणारा तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याला रोजच बोट भरायची असते. अष्टमी ते दशमी, शुक्ल असो वा कृष्ण, यातला एक दिवस तुमच्या चार दिवसांत येत असेल तर तोच धरा. आणि सकाळची पहिली बोट घ्या. दुपारी वारा सुटला की लाटा वाढतात, आणि नवख्या माणसाचा अर्धा जीव उलटीतच जातो.

पाणी धूसर असण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते मला मनापासून आवडतं. त्यात गाळाबरोबर डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तरंगत असतात, आणि माशांचं सगळं जेवण तिथूनच सुरू होतं. म्हणून इथे मासे भरपूर आहेत. बेटाजवळ एक जुनं जहाज बुडालेलं आहे, डायव्हर त्याला 'सूझीज रेक' म्हणतात. त्याच्या गंजलेल्या पत्र्यांखालून तोंड बाहेर काढून बसलेला गोब्रा, लोखंडी सांगाड्याभोवती घोळक्याने फिरणाऱ्या तांबोशी, वाळूत अंग पुरून फक्त डोळे बाहेर ठेवलेली पाकट, हे सगळं मी हाताच्या अंतरावरून पाहिलंय. धूसर पाण्यात मासा अचानक समोर येतो, आणि तुम्ही त्याच्याकडे जितकं निरखून बघता तितकं स्वच्छ पाण्यात बघत नाही. पहिल्याच वेळी तुम्हाला या जहाजापर्यंत नेणार नाहीत आणि नेऊही नये. बेटाच्या आडोशाला उथळ खडक आहेत, तिथेच पुरेसं बघायला मिळतं.

थोडं अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच परिसरात सेंट जॉर्ज रीफ या पाण्याखालच्या खडकांवर दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना एका बुडालेल्या जहाजाचे अवशेष सापडले. त्यात काय होतं? मंगळुरात कौलं बनवणाऱ्या बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या कारखान्यातली कौलं आणि विटा, 1865 सालाचा ठसा असलेली. म्हणजे ज्या मंगळुरी कौलांखाली मी लहानपणी फोंड्याला आजोळी पावसाचा आवाज ऐकत झोपलो, तसलीच कौलं इथे किनाऱ्याला न लागता समुद्रात गेली. ती जागा पर्यटकांसाठी नाही, पण बोटीतून जाताना मी दर वेळी त्या बाजूला बघतो.

आता पोहण्याचं. पोहता येत नसेल तरी प्रशिक्षकाबरोबरचं पहिलं डायव्ह करता येतं, मात्र प्रशिक्षक नीट हवा. माझ्या पहिल्या वेळी बोटीवर पाच मिनिटं काहीतरी बोलून मला टाकीच्या पट्ट्याला धरून सरळ खाली ओढलं. कान मोकळे करायला वेळच दिला नाही. तीन दिवस कान दुखला आणि पुढचं वर्षभर मी पाण्यात उतरलो नाही. दहा मीटरवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्यामुळे उतरताना दर मीटरला नाक दाबून हलकेच फुंकर मारून कान मोकळे करायचे. दुखलं तर थांबायचं, थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. आणि खाली असताना श्वास कधीही रोखायचा नाही, कारण वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते. हे दोन नियम जो आधी उथळ पाण्यात करून घेत नाही, त्याच्याबरोबर जाऊ नका.

फोनवरच विचारा: एका प्रशिक्षकामागे किती जण? पाण्याखाली किती मिनिटं? दम्याचा, हृदयाचा, कानाच्या शस्त्रक्रियेचा फॉर्म भरून घेता का? डायव्हच्या आधी बोटीवर बियर देता का? शेवटच्या प्रश्नाला 'हो, अनलिमिटेड' असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. पाण्यात अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मला वर न्या' असा होतो, 'मस्त चाललंय' असा नाही. 'ठीक आहे' म्हणायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. घाबरलात तर लाज न बाळगता अंगठा वर करा.

नेत्राणीचं पाणी कितीतरी स्वच्छ आहे हे खरं. मुर्डेश्वरहून साधारण 19 किलोमीटर आत, उघड्या समुद्रात हे निवांत बेट आहे. मडगावहून कोकण रेल्वेने मुर्डेश्वर गाठता येतं. नौदलाने पूर्वी इथे तोफांचा सराव केला, त्यामुळे तळाशी जुने गोळे पडलेले असतात, त्यांना हात लावायचा नसतो. पण बोट बराच वेळ हलते आणि खडकाला लागून लगेच खोल पाणी आहे. पोहता न येणाऱ्या माणसाने पहिला श्वास तिथे घ्यावा असं मला वाटत नाही. ग्रँड आयलंडला जमलं, तर पुढच्या वर्षी जा. मधल्या काळात पोहायला शिका.

परतीचं विमान कधी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. डायव्ह आणि विमान यांत किमान 18 तास जाऊ द्या, शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला तेवढा वेळ लागतो. शेवटच्या दिवशी डायव्ह ठेवू नका. तिथी आणि विमानाची वेळ दोन्ही इथेच खाली लिहा, कोणता दिवस धरायचा ते बघून सांगतो.