ओट्यासाठी पांढरा संगमरवर घ्यावा का?

प्रश्न : आम्ही चिपळूणला घर बांधतोय. स्वयंपाकघरातला ओटा पांढऱ्या संगमरवराचा असावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. सासूबाई म्हणतात, काळा ग्रॅनाइटच घाल. फरशीवाला म्हणतो, वरून सीलर मारला की काही होत नाही. आमच्याकडे रोज सोलकढी असते, आठवड्यातून तीनदा मासे. कुणाचं ऐकू? आणि घ्यायचाच तर मकराना की इटालियन?

उत्तर : फरशीवाल्याचं ऐकू नका आणि सासूबाईंचं निम्मं ऐका.

संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. जमिनीच्या पोटात उष्णतेने आणि दाबाने बदललेली चुनखडीच ती. कोकम, लिंबू, चिंच, दही, टोमॅटो, जे जे आंबट ते या दगडाला खातं. तिथली चकाकी जाते, बोट फिरवलं तर किंचित खरखरीत लागतं. लोक याला डाग म्हणतात आणि घासत बसतात, पण हा डाग नव्हे. डाग म्हणजे बाहेरचा रंग दगडात मुरणं. इथे दगडच झिजलेला असतो, म्हणून तो घासून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. सीलर दगडाच्या बारीक छिद्रांत बसतो, त्यामुळे तेल आणि हळद मुरायला वेळ लागतो, तेवढ्यात पुसून घेता येतं. आंबटापासून मात्र तो दगडाला वाचवत नाही.

मी २०११ साली माझ्या घरी अख्खा ओटा मकरान्याचा केला. तेव्हा घरं सजवण्याच्या कामात मला सात वर्षं झाली होती आणि वरचं सगळं मला ठाऊक होतं. पहिल्याच उन्हाळ्यात पन्ह्याचं पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं. बुडाशी ओघळलेल्या थेंबांचं वर्तुळ सकाळी उमटलेलं दिसलं, आणि मला फार वाईट वाटलं. पॉलिशवाला दोनदा येऊन गेला, दर वेळी आठवड्याच्या आत नवं वर्तुळ. घरातल्या प्रत्येकाला मी ‘तिथे नको ठेवू’ असं सांगत राहायचे. तिसऱ्या वर्षी मी शेगडीच्या आणि सिंकच्या बाजूचा संगमरवर काढून तिथे ग्रॅनाइट घातला. खिडकीखालचा तीन फुटांचा तुकडा तेवढा ठेवला. आज विचाराल तर घरातली ती माझी सर्वांत आवडती जागा आहे. तिथे मी पोळ्या लाटते, तूप लावून नारळाच्या वड्या थापते. हा दगड उष्णता चटकन ओढून घेतो, म्हणून हाताला गार लागतो. चिक्कीसुद्धा त्यावर छान पसरते आणि लवकर धरते.

तुम्हालाही हेच सुचवेन. शेगडी, सिंक आणि वाटण-घाटण करायची जागा ग्रॅनाइटची. त्यातलं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार स्वयंपाकातल्या आंबटाला दाद देत नाहीत. कठीणपणाच्या १० अंकांच्या मोजपट्टीवर ग्रॅनाइट ६-७ वर येतो, संगमरवर ३ वर. तुमच्याकडे विळी ओट्यावर ठेवून नारळ खवत असतील, तर तिच्या पायांचे ओरखडे संगमरवरावर नक्की उमटतील. सिंकपासून लांबचा कोपरा संगमरवराला द्या. दोन्ही दगड एकाच जाडीचे घ्या, नाहीतर सांध्यात पीठ अडकून राहतं. आणि संगमरवराला आरशासारखी चकाकी नको, मॅट पॉलिश करून घ्या. जिथे मुळात चकाकी नाही तिथे गेलेली चकाकी डोळ्यांत भरत नाही. मॅट दगड रंग जरा लवकर पितो, म्हणून त्याला सीलर जरूर मारा.

ग्रॅनाइट काळाच हवा असं नाही. पण सासूबाईंच्या मनात जुन्या घरातला काळा कडप्पा असेल, तर त्यांना एक सांगा. कडप्पा हा चुनखडीचाच दगड आहे. माझ्या आजीच्या कडप्प्यावर आमसुलाची वाटी जिथे असायची तिथे करडं वर्तुळ पडलं होतं. काळ्यावर ते पांढऱ्यापेक्षा जास्त उठून दिसतं.

आता मकराना की इटालियन. आंबटापुढे दोघांची गत सारखीच. ताजमहाल मकरान्याच्या दगडाचा, हे दुकानदार सांगेल आणि ते खरं आहे, पण भिंतीवर रोज लिंबू पिळलं जात नाही. मकराना घट्ट असतो, पाणी कमी पितो, म्हणून मी तो घेईन. इटालियन लादीला बऱ्याचदा मागून जाळी चिकटवलेली असते आणि भेगा रेझिनने भरलेल्या असतात, तेव्हा लादी उलटी करून बघा. राजसमंदकडचा बराचसा पांढरा दगड डोलोमाइटचा असतो. तो किंचित कठीण असतो आणि आंबट त्याला हळू खातं, तोही बघा. नावावर मात्र विसंबू नका. ज्या लादीतून तुमचा ओटा कापणार तिचाच तुकडा मागून घरी न्या. त्यावर लिंबाची फोड, सोलकढीचे थेंब आणि हळदीचं तेल रात्रभर ठेवा. सकाळी तुकडा उजेडात तिरपा धरून पाहा. दिसेल ते चालणार असेल तरच पैसे भरा.

प्रश्न : आमच्या पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर हळद सांडली. साबणाने घासलं तर डाग लाल झाला! आता काय करू? (डोंबिवली)

उत्तर : घाबरू नका, दगड बिघडलेला नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि हळदीत असं काही मिसळलं की ती लाल होते. हळदीचं कुंकू होतं ते असंच. साध्या पाण्याने साबण पूर्ण काढून टाका. मग खडूची भुकटी आणि औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा दाटसर लेप डागावर लावा, वर प्लॅस्टिक झाका आणि एक दिवस ठेवा. नंतर प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्या आणि ओल्या फडक्याने पुसा. डाग फिका झाला पण गेला नाही, तर पुन्हा लावा. ओट्यावर ऊन येत असेल तर पडदा उघडा ठेवा. कपड्यावरची हळद उन्हात उडते, तशी दगडावरचीही फिकी होते. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड मात्र त्यावर लावू नका.