एक टोक उजळ, दुसरे फिके

प्रश्न : मायक्रोॲरेची स्लाइड (डीएनएचे असंख्य ठिपके छापलेली काच) नमुन्याचा द्रव आणि वर कव्हरस्लिप (पातळ काच) लावून 42 अंशांना 16 तास ठेवतो, म्हणजे नमुन्यातले रेणू जुळत्या ठिपक्यांना चिकटतात. एकाच प्रोबचे (ठिपक्यातल्या ठरावीक डीएनए तुकड्याचे) ठिपके एका टोकाला उजळ, तर दुसऱ्या टोकाला फिके येतात. ध्वनिलहरींनी द्रव ढवळला तर फरक पडेल का? त्यासाठी अल्ट्रासॉनिक क्लीनर चालेल का?

उत्तर : फरक पडेल, पण क्लीनरमध्ये स्लाइड अजिबात ठेवू नका. त्यात पाण्यात सूक्ष्म पोकळ्या होऊन फुटतात. त्या धक्क्यांनी डीएनए तुटतो, ठिपके सुटू शकतात आणि तापमानही हातात राहत नाही.

अडचण अंतराची आहे. 24 × 60 मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली 60 मायक्रॉनची फट धरली, तर द्रव मावतो जेमतेम 86 मायक्रोलिटर. इतक्या पातळ थरात प्रवाह आपोआप उठत नाहीत. हजारभर बेसचा (डीएनएच्या ‘अक्षरां’चा) तुकडा नुसत्या विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, रात्रभरात एखाद-दुसरा मिलिमीटर सरकतो, म्हणून ठिपक्याला शेजारचेच रेणू मिळतात आणि ते संपले की तो उपाशी राहतो. दुर्मीळ आरएनएला याची झळ सर्वांत जास्त बसते, ढवळण्याचा फायदाही तिथेच दिसतो. मुबलक, आखूड ऑलिगोंसाठी (छोट्या डीएनए तुकड्यांसाठी) हा खटाटोप नको.

स्लाइडखाली पिझो चकती (विजेवर थरथरून ध्वनिलहरी देणारी) लावा. चकती आणि काच यांच्यामध्ये ग्लिसरॉलचा पातळ थर हवाच. हवेची फट राहिली तर जवळजवळ सगळी लहर तिथूनच परत फिरते. एकाच वारंवारतेवर भोवरे जागच्या जागी फिरत राहतात, तेव्हा ती अधूनमधून बदला. आधी नुसत्या बफरमध्ये (नमुना ज्यात मिसळतात त्या द्रावणात) एका टोकाला रंगाचा थेंब सोडून तो दुसऱ्या टोकाला पोचतो का, ते डोळ्यांनी बघा.

चकती तापते, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. डमी स्लाइडवर कव्हरस्लिपखाली बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) सरकवून द्रवाचेच तापमान मोजा. दोन-तीन अंश चढले तरी नमुना आणि प्रोब यांच्या कच्च्या जोड्या सुटतात, सिग्नल उतरतो आणि दोष ढवळण्यावर येतो. ओव्हन तेवढा खाली आणा किंवा लहर थांबून थांबून द्या.

बुडबुडा राहिला तर स्कॅनमध्ये काळे, गोल भोक दिसते. बफरमधली हवा नमुना मिसळण्यापूर्वीच व्हॅक्यूमने काढा. नमुना 95 अंशांना 3 मिनिटे तापवा, सेंट्रिफ्यूज करा आणि कव्हरस्लिपच्या एकाच कडेने सावकाश सोडा. कडा वाळू नयेत म्हणून स्लाइड ठेवायच्या बंद चेंबरच्या खाचांत 3एक्स एसएससीचे (मिठाच्या बफरचे) थेंब ठेवा.

ढवळलेल्या आणि न ढवळलेल्या स्लाइडचे आकडे एकाच तुलनेत घेऊ नका.