नमुना जिवंत हवा

किनाऱ्यावरच्या संशोधन केंद्रात काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, बाई दिवसभर बोटीवर असणार. माझा दिवस जातो बाटल्या, सूक्ष्मदर्शक आणि फोन यांत. त्या फोनवर आणि पत्रांतून ऋतूगणिक तेच ते प्रश्न येतात, म्हणून त्यांतले काही इथेच निकालात काढते.

प्रश्न : किनाऱ्यावर मेणासारखा राखाडी गोळा सापडला आहे. व्हिडिओत दाखवतात तशी तापलेली सुई टोचून पाहिली, तर धूर आला. देवमाशाची उलटी म्हणतात ती हीच का? तपासून किंमत सांगाल का? (गुहागर तालुका)

किंमत आम्ही सांगत नाही, आणि तुम्हीही ती कुणाला विचारत फिरू नका. अंबरग्रीस हा पदार्थ स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात तयार होतो. ‘उलटी’ हे बाजाराने दिलेलं नाव. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हा प्राणी संरक्षित आहे. अंबरग्रीस बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा. राहिली सुई. तापलेल्या सुईने मेणबत्तीही वितळते आणि पावसाळ्यात वाहून येणारा डांबरगोळाही धूर सोडतो. गोळा अजून वाळूत असेल तर तिथेच राहू द्या आणि वन विभागाला कळवा. घरी आणला असेल तर आजच कळवा. ‘बघू पुढे’ म्हणत माळ्यावर टाकू नका.

प्रश्न : जाळ्यात केंड (अंग फुगवणारे मासे) फार येतात. खाल्ले तर चालतील का? (मालवण)

नाही. त्यातलं विष शिजवून जात नाही.

प्रश्न : कोळंबीच्या तळ्यातलं पाणी बाटलीत भरून पाठवलं तर डीओ किती आहे ते सांगाल का? (पालघर)

खारटपणा सांगू. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, बाटली गाडीत हिंदकळेपर्यंत बदललेला असतो. तो मोजायचा तळ्याच्या काठावर, मीटरने. नाहीतर विशिष्ट रसायनं घालून तिथेच ‘बांधून’ ठेवायचा. ती घातली की बाटलीत तपकिरी गाळ बसतो आणि मग आम्हाला प्रयोगशाळेत हिशेब करता येतो. वेळही महत्त्वाची आहे. रात्रभर तळ्यातलं शेवाळ आणि कोळंबी दोघंही ऑक्सिजन वापरत असतात, त्यामुळे तो सर्वांत कमी असतो पहाटे, सूर्य उगवायच्या आधी. दुपारी दोनला मोजून ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारे बरेच भेटतात.

प्रश्न : दोन दिवसांपासून कोळंबी काठाला येतेय, काही मेली आहेत. औषध दुकानदाराने ‘व्हायरस किलर’ आणि इम्युनिटीची पावडर दिली आहे. आठवडाभर वाट पाहून नमुना आणू का? (रायगड जिल्हा)

वाट पाहू नका. हे पत्र माझ्या हाती येईपर्यंत तुमचे चार दिवस गेले, आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर तळ्याचा निकाल बहुधा लागलासुद्धा असेल. लक्षणं दिसल्यावर तीन ते दहा दिवसांत हा विषाणू अख्खं तळं झोपवू शकतो. १९९४-९५ मध्ये आपल्या देशातल्या कोळंबीपालनाचं त्याने कंबरडं मोडलं. आज तीस वर्षं झाली, तरी त्यावर औषध नाही. दुकानदाराच्या पुडीतही नाही. त्या पुडीत अँटिबायोटिक असेल तर आणखी वाईट, कारण विषाणूवर त्याचा परिणाम शून्य, आणि क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान यांचा अंश मालात सापडला तर निर्यातीची खेप परत येते.

गेल्या एप्रिलमध्ये एकजण स्कूटरच्या डिकीत प्लास्टिकच्या पिशवीतून कोळंबी घेऊन आले. आदल्या दिवशी मेलेली, वर चाळीसेक किलोमीटर उन्हातून आलेली. पिशवी उघडली तेव्हा ती कालवणातून काढल्यासारखी लाल आणि मऊ. ‘मॅडम, काय झालंय सांगा.’ काय सांगणार? सडलेल्या कोळंबीत रोग कुठला आणि सडणं कुठलं, हे खात्रीने वेगळं करता येत नाही.

नमुना म्हणजे काठाला आलेली, सुस्त पण जिवंत कोळंबी. त्याच तळ्याच्या पाण्यात, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत आणा. डोक्यावरचं कवच सहज सुटतं का, आतडं रिकामं आहे का, हे घरीही पाहता येईल. सुटलेलं कवच उजेडासमोर धरलं तर अर्धा ते दोन मिलिमीटरचे गोल ठिपके दिसू शकतात. पण व्हनामेई जातीच्या कोळंबीत ते कित्येकदा दिसतच नाहीत, शिवाय जीवाणूंमुळे आणि पाण्याच्या क्षारतेमुळेही ठिपके पडतात. त्यामुळे मोबाइलवर फोटो पाठवून निदान मागू नका. विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर चाचणी करावीच लागते.

आता ज्यासाठी मी एवढी चिडले आहे ते. रोग कळल्यावर काहीजण रात्री, ओहोटी बघून, तळ्याच्या तोंडाची फळी उघडतात आणि तळं खाडीत रिकामं करतात. ओहोटीला तुम्ही सोडलेलं पाणी भरतीला शेजाऱ्याच्या पंपातून त्याच्या तळ्यात शिरतं. मेलेली कोळंबी बांधावर फेकलीत की कावळा ती उचलून तिसऱ्याच्या तळ्यावर टाकतो. खेकडे तर बांध ओलांडून स्वतःच रोग वाहतात. पाणी आत अडवून क्लोरिनने मारलं पाहिजे आणि क्लोरिन उडून गेल्याची खात्री झाल्यावरच सोडलं पाहिजे. हे फुकट होत नाही, हे मला कळतं. एका एकरात सव्वा मीटर पाणी म्हणजे सुमारे ५० लाख लिटर. मात्रा दहा लाखाला तीस भाग धरली तरी दीडशे किलो क्लोरिन लागतं. तीस टक्के ताकदीची ब्लीचिंग पावडर घेतली तर पाचशे किलो. पिशवी उघडी राहिली असेल तर त्याहून जास्त, कारण ताकद उडून जाते. नेमकी मात्रा म्हणूनच फोनवर सांगत नाही. पावडर तपासून ठरवू.

कोळंबी विकण्याजोगी झाली असेल तर पाणी न सोडता, पागून काढता येते. हा विषाणू माणसाला बाधत नाही. पण जाळं टाकायच्या आधी मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा आणि शेजाऱ्यालाही. शेजाऱ्याला सांगायची लाज वाटते म्हणून खाडीचा अख्खा किनारा बुडालेला मी पाहिला आहे.

प्रश्न : ‘एसपीएफ’ बी घेतलं तर रोग येणारच नाही ना? (अलिबाग)

येऊ शकतो. एसपीएफ म्हणजे ठरावीक रोगजंतू नसलेल्या जनकांपासून आलेलं बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं. ते रोगाला पुरून उरेल, असा त्याचा अर्थ होत नाही. विक्रेते ही दोन वाक्यं मुद्दाम एकात कालवतात. बी सोडण्याआधी त्याच खेपेची पीसीआर करून घ्या, जुन्या खेपेचा कागद चालवून घेऊ नका.

प्रश्न : मासळीला फॉर्मालिन लावलंय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? त्यावर माशा बसत नाहीत म्हणे. (पणजी)

२०१८ मध्ये गोव्यात यावरून गदारोळ झाला, तेव्हापासून हा प्रश्न थांबलेला नाही. भरपूर बर्फातल्या माशावरही माशा कमीच बसतात, म्हणून ती खूण सोडून द्या. संग्रहातले मेलेले नमुने टिकवणाऱ्या फॉर्मालिनच्या बरण्या मी रोज उघडते, डोळ्यांतून पाणी येतं. पण माशावरचा थोडासा अंश माझ्या नाकालाही कळेल, असं छातीठोक सांगणार नाही. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने तपासणीच्या पट्ट्या काढल्या आहेत. शंका आली तर मासा धुऊन खाऊन टाकू नका, अन्न व औषध प्रशासनाकडे द्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये चौपाटीवर निळे फुगे दिसतात. मुलाला एक चिकटला, लिंबू चोळलं. पुढच्या वेळी काय करू? (मुंबई)

लिंबू नको, वाळू नको, गोडं पाणीही नको. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे उघड्या हाताने न काढता चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा. श्वास लागला, अंगभर पुरळ उठलं किंवा मूल फार लहान असेल तर सरळ रुग्णालयात. हा निळा फुगा म्हणजे ब्लू बॉटल, आणि वाळूवर मेलेली ब्लू बॉटलसुद्धा डसते.

प्रश्न : रविवारी नमुना घेता का? (दापोली)

घेतो. निघायच्या आधी फोन करा, म्हणजे कुलूप उघडून ठेवता येईल.