'बरोक'चा 'बारीक'शी काडीचा संबंध नाही

प्रश्न असा आलाय की गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीच्या सांतान इगर्जीला, म्हणजे संत आनाच्या चर्चला, 'बरोक' (सतराव्या शतकातली भपकेदार युरोपीय वास्तुशैली) म्हणतात, तर तो शब्द आपल्या 'बारीक'वरून आला का, कारण आत नक्षीकाम बारीक आहे. अजिबात नाही. 'बारीक' फारसीतून आला, 'बरोक' पोर्तुगीज 'बारोको'वरून. पण 'बारीक नक्षी म्हणजे बरोक' हे इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता राहवत नाही. आणि ते ऐकून होत नाही तोच कोणीतरी त्याच इगर्जीला गॉथिक म्हणतं! गॉथिक बघायचं असेल तर साळगावला जा, तिथली 1873 ची इगर्जी बघा, टोकदार कमानी, निमुळते सुळके, म्हणजे फरक आपोआप कळेल.

बरोक शैली कोणती ते कुठेही वाचायला मिळतं, ते सोडून देतो. मजा शब्दात आहे. 'बारोको' म्हणजे वेडावाकडा, गोल न झालेला मोती. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहायचा, त्याचं औषधींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं, आणि त्यात मोत्यांबद्दल लिहिताना हे 'बारोको' येतात: बेढब, गोल नसलेले आणि 'मेलेल्या पाण्याचे'. मेलेलं पाणी! आपणही मोत्याचं पाणी गेलं म्हणतो, पाणीदार मोती म्हणतो, तीच नजर. पुढे 1694 च्या फ्रेंच अकादमीच्या कोशात 'बरोक' फक्त ओबडधोबड मोत्यापुरता दिलाय, विचित्र, बेढब हा लाक्षणिक अर्थ 1740 च्या आवृत्तीत आला, आणि इमारतींना तो चिकटला तोही आधी नावं ठेवायला म्हणूनच.

आता काही विद्वान म्हणतात की हा शब्द मध्ययुगीन तर्कशास्त्रातल्या 'बारोको' नावाच्या अनुमानप्रकारावरून आला. अठराव्या शतकातल्या रूसो या विचारवंताने संगीताच्या कोशात तसं लिहिलं, पुढे क्रोचे या इटालियन तत्त्वज्ञानेही तेच उचलून धरलं. मला हे मुळीच पटत नाही. कोशात आधी मोती आहे, नंतर विचित्रपणा, मग मध्येच तर्कशास्त्राचा वर्ग कुठून आला? माझं तर मत असं की हा शब्द युरोपभर फिरवला तो पूर्वेकडच्या मोत्यांच्या व्यापारानेच, श्रीलंकेजवळच्या मन्नारच्या आखातातला आणि इराणच्या आखाताच्या तोंडावरच्या होर्मुझकडचा माल पोर्तुगीजांच्या हातातून जात होता, गोल मोती वेगळे, बारोको वेगळे अशी निवड करणारे लोकच हा शब्द रोज वापरत असणार, पंडित नव्हे. काही जण तो भरूच शहराच्या नावावरून काढतात, त्याला मात्र कसलाच पुरावा दिसत नाही.

आणि म्हणूनच सांतानला हा शब्द शोभतो असं मला वाटतं. फ्रान्सिस्को द रेगो या पाद्रीने 1680 च्या दशकाच्या सुरुवातीला बांधकाम सुरू केलं, 1695 मध्ये ते पुरं झालं. समोरून पाच मजली, दोन बाजूंना बुरूज, चिऱ्याचं बांधकाम आणि वरून पांढरा गिलावा, ही मांडणी जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन पंथाच्या इगर्जीच्या दर्शनी भागावर बेतलेली, आणि त्या मूळ इगर्जीचा आता अर्धवट बुरूज तेवढा उभा आहे. गोव्यातल्या अशा जुन्या इमारतींच्या खिडक्यांजवळ जाऊन बघा, काचेऐवजी शिंपले असतात, पातळ, चपटे, घासून चौकोनी कापलेले, लाकडी पट्ट्यांच्या खाचांमध्ये सरकवलेले, उजेड दुधासारखा गाळून आत येतो. ते शिंपले ज्या कालवाचे असतात त्याच्याही पोटात बारीकसारीक मोती सापडतात, म्हणजे मोत्याच्या नावाची शैली आणि मोत्याच्या कवचाची तावदानं!

जुलैच्या अखेरीस, 26 तारखेच्या आसपास, तिथे तवशांचं फेस्त, म्हणजे काकड्यांचा सण, असतो, मूल व्हावं म्हणून जोडपी सांतानला काकडी वाहतात, तेव्हा जाता आलं तर नक्की जा.

लिहिताना 'बरोक' लिहा, 'बारोक' म्हटलंत तरी चालेल, पण 'बारीक' वास्तुशैली कृपया नको.