जूनमध्ये फेअरबँक्सला (अलास्का) आहोत. गाडीने एका दिवसात आर्क्टिक वर्तुळापर्यंत जाऊन येता येईल का? सोबत सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा आहे.

येतं. आम्ही जूनमध्येच गेलो होतो, माझी अडुसष्ट वर्षांची आई आणि आठ वर्षांची मुलगी घेऊन. पण ‘एका दिवसात’ म्हणजे सकाळी सातला निघून रात्री नऊ-दहाला परत, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. जाऊन-येऊन साधारण ६४० किलोमीटर होतात. मुंबई-गोव्याएवढंच तर आहे, असं नकाशा बघून आम्हालाही वाटलं होतं. पण डाल्टन हायवे नावापुरताच हायवे. तेलाच्या पाइपलाइनचं सामान वाहायला १९७४ साली बांधलेला हा ट्रकांचा रस्ता, बराचसा खडीचा. सामान्य लोकांना तो शेवटपर्यंत खुला झाला १९९४ मध्ये.

तिकिटं-बिकिटं नंतर, आधी गाडीचा करार वाचा. बहुतेक भाड्याच्या गाड्या खडीवर न्यायला बंदी असते, आणि तिथे काही झालं तर विमावाले हात वर करतात. आम्ही स्वस्तातली गाडी घेतली होती. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने करारातली ती बारीक अक्षरातली ओळ मोठ्याने वाचली आणि खोलीत पाच मिनिटं कोणी बोललं नाही. मग धावपळ करून, या रस्त्यावर न्यायची परवानगी असलेली गाडी मिळवली. जवळजवळ दुप्पट पैसे गेले, पण पूर्ण आकाराची स्टेपनी मिळाली. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

समोरून ट्रक आला की वेग अगदी कमी करा आणि उजवीकडे सरका. रस्ता त्यांच्या पोटापाण्याचा आहे, आपण पाहुणे. इतकं करूनही आमच्या काचेवर एक खडा बसलाच. ‘टक्’ एवढाच आवाज झाला आणि कोळ्यासारखी तड उमटली. जाताना लेकीने त्या कोळ्याचे पाय मोजले तेव्हा पाच होते, येताना सात. धूळ दबावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात. पाऊस झाला की त्याचा चिखल गाडीला गिलाव्यासारखा बसतो, तेव्हा परत आल्यावर गाडी लगेच धुऊन घ्या.

पाइपलाइन बराच वेळ रस्त्याच्या सोबतीने चालते. आईने विचारलं, “एवढे पैसे घालून सरळ का नाही टाकली?” रास्त प्रश्न. ती मुद्दामच नागमोडी आहे, म्हणजे उन्हाने-थंडीने पोलाद कमी-जास्त झालं किंवा भूकंपात जमीन सरकली तरी पाइपला हलायला जागा राहते. २००२ मध्ये तिथे ७.९ तीव्रतेचा भूकंप झाला, तरी ती फुटली नाही. बऱ्याच ठिकाणी ती खांबांवर उचललेली आहे, कारण खालची जमीन बारमाही गोठलेली आणि आतलं तेल गरम. खांबांच्या डोक्यावर पंख्यासारखी पाती दिसतील. खांबातल्या नळ्यांमध्ये अमोनिया असतो, तो हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर आणून हवेत सोडतो. म्हणजे खांब उभे राहावेत म्हणून जमीन गोठलेलीच ठेवायची! हे ऐकल्यावर आई तासभर खांबच बघत होती.

साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर युकॉन नदी लागते. पूल लाकडी फळ्यांचा आणि चक्क उतरता आहे. पलीकडे उन्हाळ्यात पेट्रोल आणि खायला मिळतं, पण त्यावर विसंबू नका, टाकी फेअरबँक्समध्येच फुल करा. आम्ही तिथे दशम्या, शेंगदाण्याची चटणी काढली. इथेच घड्याळ बघा. दुपारचा एक वाजून गेला असेल किंवा सासूबाईंची कंबर धरली असेल, तर सरळ मागे फिरा. नदी बघितली तरी दिवस वाया गेला असं होत नाही.

पुढे जमलंच तर फिंगर माउंटनला अर्धा तास तरी उतरा. झाडं संपलेली, ग्रॅनिटचे सुळके, पायाखाली स्पंजसारखी जमीन, आणि वाऱ्यामुळे डास नाहीत. वर्तुळाची पाटी तिथून सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटरवर. खरं सांगायचं तर तिथे एक पाटी आणि भरपूर डास. फोटो काढेपर्यंत लेकीच्या कपाळावर चार गांधी आल्या होत्या. चेहऱ्यावर घालायच्या जाळ्या फेअरबँक्समध्येच घ्या.

शौचालयं युकॉन, फिंगर माउंटन आणि पाटीपाशी आहेत. नळ मात्र सगळीकडे नाही, म्हणून पाणी आणि कागद जवळ ठेवा. शहर सोडल्यावर थोड्याच वेळात फोनची रेंज जाते. नकाशा आधीच उतरवून घ्या आणि कधी परतणार ते हॉटेलात सांगून निघा. अंधाराची काळजी करू नका, जूनमध्ये तिथे मध्यरात्रीही पेपर वाचता येईल इतका उजेड असतो. आमची गाडी दहाला पोचली तेव्हा ऊन होतं, आणि आई जेवायला तयारच होईना, अजून दिवेलागण झाली नाही म्हणून.