५ वर्षांचा मुलगा रात्री ९-१० तास झोपतो, तरी सकाळी उठत नाही आणि दिवसभर चिडचिड करतो. काय करावं?

तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय, "थोडा घोरतो, पण झोप अगदी गाढ आहे." मी त्या वाक्यापाशीच अडकलो, कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या घरात हेच वाक्य रोज ऐकू यायचं. मी डॉक्टर नाही, एका घोरणाऱ्या मुलीचा बाप आहे.

लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. रात्री साडेनऊला झोपायची आणि सकाळी सातला उठवताना रडून घर डोक्यावर घ्यायची. शाळेतून तक्रार यायची की एका जागी बसत नाही, शेजारच्या मुलांना चिमटे काढते. आई म्हणाली दृष्ट लागलीय, मीठ-मोहरी ओवाळून झाली. घोरण्याचं तर कौतुकच, "आजोबांवर गेलीय हो!" वर्षभर कोरडं राहिलेलं अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं, तेव्हा कुठे आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "झोपलेल्या मुलीकडे कधी अर्धा तास नुसतं बघत बसलाय?" कधीच नाही. पोर झोपलं की सुटलो म्हणून आम्ही मोबाइल हातात घ्यायचो.

त्या रात्री अकराला बसलो, फारसं काही दिसलं नाही. पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा दिसलं. तोंड उघडं, मान मागे टाकलेली, पंखा चालू असून उशी घामानं भिजलेली. घोरणं मध्येच थांबायचं. छाती हलत राहायची, पण श्वासाचा आवाज नाही. मग एकदम हिसका देऊन श्वास घ्यायची आणि कूस बदलायची. पुन्हा घोरणं सुरू.

झालं होतं ते असं. नाकाच्या मागे, टाळूच्या वर अॅडेनॉइड नावाची एक गाठ असते. साधारण २ ते ७ या वयात ती सगळ्यात मोठी असते, पुढे आपोआप आकसते. ती किंवा टॉन्सिल फार वाढले, तर झोपेत घसा सैल पडल्यावर हवेची वाट चिंचोळी होते. श्वास अडला की मेंदू क्षणभर जागा होतो, मुलाला त्याचा पत्ताही नसतो. घड्याळात दहा तास भरतात, झोप मात्र तुकड्यातुकड्यांची. अशानं मोठा माणूस दिवसा पेंगतो. लहान मूल पुष्कळदा उलट वागतं, जास्त धावतं, चिडतं, हट्ट करतं. म्हणून आपण त्याला ओरडत बसतो. आम्हीही ओरडलो, त्याचं अजून वाईट वाटतं.

सर्दी झाल्यावर चार दिवस घोरलं तर सोडून द्या. सर्दी नसताना आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवाच. आमच्याकडे आधी मानेचा बाजूनं एक्स-रे झाला, मग नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दोन महिने दिला. 'स्टेरॉइड' ऐकून आम्ही दचकलो होतो, पण फवाऱ्याचं औषध बहुतेक नाकापुरतंच राहतं. फरक थोडाच पडला. मग रात्रभर अंगाला वायरी लावून करतात ती झोपेची तपासणी झाली आणि शेवटी ऑपरेशन.

प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असं नाही. अमेरिकेत झोपेत असाच श्वास अडणाऱ्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. सात महिन्यांनी अॅडेनॉइड आणि टॉन्सिल काढायचं ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपेची तपासणी नॉर्मल आली, पण नुसती वाट पाहिलेल्यांतही ४६ टक्क्यांची आली. ऑपरेशननंतर वागणं आणि झोप जास्त सुधारली, लक्ष देण्याच्या चाचण्यांत मात्र ठळक फरक नव्हता. तेव्हा पोरगं लगेच वर्गात पहिलं येईल ही आशा नको. आमची अजूनही चिमटे काढते, फक्त कमी.

घोरण्याचं काही निघालं नाही, तर आधी तास मोजा. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास झोप हवी, म्हणजे तुमचे ९ कमीच पडतात. झोपताना पाय सारखे हलवत असेल, 'पाय कसेतरी होतात' म्हणत असेल, तर डॉक्टरांना शरीरातलं लोह तपासायला सांगा. आणि गुंगी येते म्हणून सर्दीचं सिरप झोपेसाठी देऊ नका. आमच्याकडे जायफळ उगाळून द्यायचा आग्रह झाला होता, तोही मी मोडला. श्वासच अडत असेल तर गुंगीनं काय साधणार?

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एक करा, व्हिडिओ काढा. पहाटे ४ चा गजर लावा, कारण श्वास अडणं मुलांमध्ये बहुधा स्वप्नांच्या झोपेत वाढतं आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. शर्टाची बटणं उघडी ठेवा म्हणजे छाती-पोट दिसेल. पंखा दोन मिनिटं बंद करा, नाहीतर आवाजात फक्त पंखाच येतो; आमचा पहिला व्हिडिओ त्यामुळेच वाया गेला.