रिपोर्ट नॉर्मल, तरी धावलं की कंबर दुखते

"डॉक्टर म्हणते काही नाही, अन् हे म्हणते दुखते. कोणाचं खरं मानू जी?" मायनं पिशवीतून एक्स-रे, सोनोग्राफी आणि लघवीच्या तपासणीचे कागद काढून माझ्या टेबलावर मांडले. पोरगी शेजारच्या स्टुलावर एका कुल्ह्यावर वजन देऊन अर्धवट टेकली होती. वय 19. पोलीस भरतीची तयारी सुरू होती.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी समुपदेशनाचं काम करते. आमच्याकडे गावोगावी पहाटे डांबरी रस्त्यावर पोरं-पोरी धावताना दिसतात. मुलींना भरतीत 800 मीटर धावावं लागतं, 100 मीटर आणि गोळाफेक वेगळी. त्यामुळे "धावलं की कंबर आणि ओटीपोट दुखतं, तपासणीत मात्र काही निघत नाही" हा प्रश्न माझ्यासमोर अनेकदा येतो. कागदावर काही निघालं नाही की घरचे दोनच निष्कर्ष काढतात: पोरगी नाटक करते, नाहीतर गर्भपिशवीत काही मोठं बिघडलंय. या मायच्या मनात दोन्ही एकदम होते. ती हळूच म्हणाली, "लग्नाची पोर आहे. उद्या पाव्हण्यायले समजलं तं?"

मी मायला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. तरुण मुलीशी तिच्या शरीराबद्दल बोलायचं तर ती एकटी समोर हवी. पाळी, पांढरं जाणं, संबंध, कोणी केलेला त्रास, यातलं काहीच मायसमोर येत नाही. दार लोटल्याबरोबर ती म्हणाली, "मॅडम, मी नाटक नाही करून रायली."

"तुझं दुखणं खरं आहे," मी म्हटलं. हे वाक्य मी पहिल्याच भेटीत बोलते, कारण तोवर निदान पाच जणांनी त्याच्या उलट सांगितलेलं असतं. एका दवाखान्यात तिला "मनाचं आहे, लग्न झालं की बरं होईल" असं ऐकवलं होतं. तरण्या पोरीला हे सांगणं म्हणजे तिला घरी परत पाठवून गप्प करणं. मला त्याचा आजही राग येतो.

एक्स-रेत हाडं दिसतात. स्नायू किती आवळलाय ते त्यात दिसत नाही, नेहमीच्या सोनोग्राफीतही नाही. तिच्या कागदांचा अर्थ एवढाच होता की त्या तपासण्यांना जे दिसू शकतं, त्यात बिघाड नव्हता.

पुढं मी सगळं विचारलं. पाळी नियमित होती आणि दुखणं पाळीच्या दिवसांत वाढत नव्हतं. ते वाढत असतं तर नॉर्मल सोनोग्राफीवर मी थांबले नसते, कारण एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा आजार, सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडेच पाठवलं असतं. संध्याकाळचा ताप नाही, वजन घटलेलं नाही. मणक्याचा टीबी आमच्या भागात विसरून चालत नाही, म्हणून हे दोन प्रश्न मी कधीच सोडत नाही. पाळी बंद पडली असती आणि खाणं कमी असतं तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागली असती. असा तडा सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. तिचं यातलं काहीच नव्हतं. थोडं धावलं की माकडहाडाच्या वर आणि ओटीपोटाच्या तळाशी आवळून यायचं आणि बसलं की जास्त ठणकायचं.

मग मी विचारलं, "सकाळपासून लघवीला कधी कधी जातेस?"

ती खाली बघत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "सकाळी पाणीच नाही पेत मी. रस्त्यावर पोट्टे रायते. घरी आल्यावरच जातो."

हळूहळू दिवस उलगडला. साडेचारला घर सोडायचं आणि सात वाजता परत यायचं. मग घाईत आंघोळ, कॉलेजची एसटी. कॉलेजचं संडास इतकं घाण की दुपारी दोनपर्यंत दाबून धरायचं. सोयाबीनच्या सोंगणीला मजुरीवर गेली तर वावरात दिवसभर तेच. याच्या जोडीला गावातल्या एका दादानं शिकवलेलं "पोट आत ओढूनच धावायचं". आणि कंबर मजबूत व्हावी म्हणून मोबाईलवर पाहून खालचा भाग आवळण्याचा व्यायाम, रोज दोनशे वेळा. दुखायला लागलं तसा तिनं तो वाढवला होता.

मी तिला मूठ घट्ट आवळायला लावली आणि तशीच धरून बोलत राहिले. थोड्या वेळात बोटं पांढरी पडली. "आता उघड." तिनं बोटं सावकाश उघडली आणि मनगट चोळलं. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते. पुढून ओटीपोटाखालच्या हाडापासून मागं माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते आणि लघवी-संडास धरून ठेवणं हे तिचं काम. ती दिवसभर आवळलेली राहिली की तीच दुखू लागते आणि कळ कमरेत, कुल्ह्यात, मांडीत जाते. आवळलेल्या झोळीला आणखी आवळायचे व्यायाम दिले की दुखणं वाढतं. मूठ उघडताना दुखलं होतं, त्यामुळे हे तिला लगेच पटलं.

भीतीचाही वाटा होता, ते मी तिला लपवलं नाही. दुखेल म्हणून माणूस आधीच दात आणि पोट आवळतो आणि त्यानं दुखणं वाढतं. पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

तिला उताणं झोपवून गुडघे वाकवायला सांगितले आणि तिचा हात तिच्याच पोटावर ठेवला. श्वास घेताना पोट वर यायला हवं. ते हललंच नाही, फक्त छाती उचलली जात होती. पाच-सात श्वासांनंतर कुठे हात जरासा वर आला. एवढंच तिला घरी दिवसातून दोनदा पाच मिनिटं करायला दिलं. आवळायचे व्यायाम बंद, पळणं निम्म्यावर, मध्ये मध्ये चालणं. धावण्याआधी लघवीला जायचं, दिवसा तीन-चार तासांनी जायचंच, आणि पाणी तोडायचं नाही. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे चिठ्ठी दिली. त्यांनी तपासून सांगितलं की तळाचे स्नायू घट्ट आहेत आणि कुल्ह्याचे कमजोर. पुढचे व्यायाम त्यांनीच ठरवले.

हे वाचून कुणी घरच्या घरी निदान ठरवू नये. बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, पायातलं बळ गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाळी चुकली असेल आणि ओटीपोटात जोराची कळ असेल तरी तेच. तरुण पोरांनाही ओटीपोटाचं असं दुखणं होतं, ते सांगत नाहीत एवढंच. आणि सकाळी अर्धा तासाहून जास्त कंबर ताठ राहते, हालचाल केल्यावर मोकळी होते, असं महिनोन्‌महिने चालत असेल तर तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

मायला आत बोलावून पोरीच्या परवानगीनं झोळीची गोष्ट सांगितली. माय गप्प झाली आणि मग म्हणाली, "आमी तं जिंदगीभर असंच धरत आलो जी." तिला स्वतःलाही पंधरा वर्षांपासून कंबरदुखी होती. तिचाही केसपेपर काढला.

लघवीला जायचं म्हटलं तरी पहाटे साडेचारला जायचं कुठं, हा प्रश्न माझ्या खोलीत सुटणारा नव्हता. आशाताईंनी सरपंचबाईंशी बोलून शाळेच्या संडासाची एक किल्ली मिळवली. ती आता रस्त्यालगत राहणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या ओसरीत खिळ्याला असते.

तीन महिन्यांनी पोरगी परत आली तेव्हा 800 मीटर न थांबता धावत होती. दिवसभर वाकून कापूस वेचला की अजून ठणकतं, हेही तिनं सांगितलं. या वेळी ती स्टुलावर सरळ बसली होती आणि सोबत एक मैत्रीण होती. मैत्रिणीच्या हातातही एक्स-रेचं पाकीट होतं. ते मी बाजूला ठेवलं, दार लोटलं आणि तिला आधी विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलीस.